गाडीसाठी पहिलं पॉलिशिंग मशीन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कुठलं मशीन घेऊ?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दोन-तीन मशिनं आधीच हेरून ठेवलेली असतात आणि त्याला फक्त कुणाचा तरी होकार हवा असतो. म्हणून मॉडेलांची नावं बाजूला ठेवून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्नच इथे घेतले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी आजवर हातानेच पॉलिश करत आलोय. मशीन घ्यायलाच हवं का?

वॅक्स किंवा सीलंट लावण्यापुरतं काम असेल तर नको. हात आणि स्वच्छ मायक्रोफायबर फडकं पुरतं. मशीन लागतं ते रंगावरचे बारीक चरे काढायला. कडक उन्हात किंवा टॉर्च मारल्यावर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, ती या चऱ्यांची असतात. बहुधा ती धुळीवरून कोरडं फडकं फिरवल्याने पडतात. हाताने ती निघत नाहीत असं नाही, पण बोटांखाली दाब जास्त पडतो, मधे कमी पडतो, आणि एक बॉनेट होईपर्यंत खांदा भरून येतो. दाराच्या हँडलमागे नखांनी पडलेले ओरखडे एवढीच तक्रार असेल तर फोमचा छोटा तुकडा आणि पॉलिश घेऊन हातानेच उरका.

२. मशीन ओरखडा भरतं की घासून काढतं?

घासून काढतं. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, पडलेली खाच. पॉलिश करणं म्हणजे आजूबाजूचा पृष्ठभाग त्या खाचेच्या तळाशी आणून ठेवणं. त्यामुळे दर वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो, तो परत येत नाही.

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात सगळ्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या घरात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्यावर मशीन चालवणार तो थर केसाहूनही पातळ आहे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचं कामही त्याच्याकडेच आहे. नीट केलेल्या कामात त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात. दर दोन महिन्यांनी "जरा चमक आणू" म्हणत मशीन काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकलं, तर तो पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. त्याच्या कडा बोथट झाल्या की तो डोळ्यात कमी खुपतो, तेवढ्यावर थांबा. काही पॉलिशमधली तेलं चरे नुसते झाकतात, दोन धुण्यांनंतर ते पुन्हा हजर होतात.

३. रोटरी, डीए, फोर्स्ड डीए यांत नेमका फरक काय?

रोटरीत पॅड (मशीनच्या तोंडाला लावायची फोमची किंवा कापडाची गोल गादी) एकाच अक्षावर गरगर फिरतं. मोटर सुरू आहे तोवर ते फिरणारच.

डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, डोलणाऱ्या भोवऱ्यासारखं चालतं. पॅड छोट्या वर्तुळात हेलकावतं आणि त्या हेलकाव्याच्या जोरावर स्वतःभोवतीही फिरतं. यातला हेलकावा मोटरचा असतो, पण स्वतःभोवतीचं फिरणं मोटरला जोडलेलं नसतं. ते बेअरिंगवर मोकळं असतं. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती ध्यानात ठेवा.

फोर्स्ड डीएमध्ये हेलकावा आणि फिरणं, दोन्ही गिअरने बांधलेलं असतं. दाबलं तरी ते थांबत नाही.

४. मग नवशिक्याने घ्यायचं कुठलं?

मोकळं फिरणारं डीए, १५ मिमी थ्रो, १२५ मिमी बॅकिंग प्लेट (पॅड जिला चिकटतं ती चकती). थ्रोचं गणित प्रश्न ५ मध्ये आहे, प्लेटचं ११ मध्ये.

कारण असं, की नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात. तो जास्त दाबतो, मशीन तिरकं धरतो, नाहीतर कडेवर घेऊन जातो. या तिन्ही वेळी मोकळ्या डीएचं पॅड मंदावतं किंवा फिरायचं थांबतं, आणि घासण्याचा जोर ओसरतो. लोक याला मशीनचा कमकुवतपणा म्हणतात. मी तर त्याच कमकुवतपणासाठी ते घ्यायला सांगतो. रोटरी तुमची चूक पूर्ण ताकदीने तडीस नेते. मी पहिल्यांदा उसनी रोटरी हातात घेतली तेव्हा बॉनेटच्या उभ्या दुमडीवर ती जेमतेम दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळली आणि बोटाएवढ्या जागेत प्रायमर दिसायला लागला. आवाज बदलला नाही, धूर आला नाही, काही कळलंच नाही. पुसल्यावर समजलं.

फोर्स्ड डीए या दोघांच्या मधलं. ते कडेवरही थांबत नाही आणि हात थोडा ओढत नेतं. दुसरं मशीन म्हणून उत्तम.

५. ८, १२, १५, २१ मिमी हे आकडे कशाचे? मोठा आकडा म्हणजे चांगलं मशीन का?

हा थ्रो, म्हणजे पॅडचा मध्य ज्या वर्तुळात हेलकावतो त्याचा व्यास. त्याला ३.१४ ने गुणलं की एका हेलकाव्यात पॅड किती सरकतं ते कळतं: ८ मिमीला सुमारे २५ मिमी, १५ ला ४७, २१ ला ६६. मिनिटाला ४,००० हेलकावे धरले तर घासलेलं अंतर होतं अनुक्रमे १००, १८८ आणि २६४ मीटर. २१ चं मशीन ८ च्या अडीचपटीहून जास्त काम त्याच मिनिटात उरकतं.

मग २१ च का नको? कारण मोठ्या हेलकाव्याला सपाट जागा लागते. मडगार्डच्या वळणावर, दाराच्या खालच्या घडीवर पॅडचा अर्धा भाग टेकतो, अर्धा अधांतरी राहतो आणि फिरणं थांबतं. बॉनेट आणि छत यांवर २१ चं मशीन पाण्यासारखं चालतं, पण नुसतं बॉनेट म्हणजे गाडी नव्हे. उलट ८ मिमी वळणावर आज्ञाधारक असतं, मात्र खोल चऱ्यांवर फार वेळ खातं. १२ मिमी बहुधा ७५ मिमी प्लेटच्या छोट्या मशीनवर दिसतं आणि तिथे शोभतंही. एकच मशीन घ्यायचं तर १५.

६. माझं डीए जरा दाबलं की फिरायचं थांबतं. खराब निघालं का?

बहुतेक वेळा नाही. प्रश्न ४ वाचा, ते तसंच बनवलेलं आहे. फिरतंय की नुसतं थरथरतंय हे आवाजावरून कळत नाही, म्हणून बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढा. काम करताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी होण्याइतका वेग नको, एका जागी थिजलेलीही नको.

रेघ थिजली तर आधी दाब कमी करा, मग पॅड सपाट टेकलंय का बघा. वेग फार खाली असेल तर वाढवा. पॅड कंपाउंडने (घासायच्या जाड लेपाने, प्रश्न १६) ओलंगच्च झालं असेल तर बदला, कारण जड पॅड फिरायला कुचराई करतं. एवढं करूनही सपाट बॉनेटवर हलक्या दाबाने फिरत नसेल, तर प्लेट काढून बघा. प्लेटमागची बारीक वॉशर लावायची राहिली तर काही मशिनांत प्लेट रबरी आवरणाला घासते. स्वच्छ करताना ती वॉशर हमखास हरवते.

७. घरात अँगल ग्राइंडर आहे. त्यावरच पॅड लावलं तर?

नको. आटे जुळतात, पॅड बसतंही, आणि मोह तिथूनच सुरू होतो.

पॉलिशची रोटरी साधारण ६०० ते ३,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालते. साधा ग्राइंडर १०,०००–११,००० वर. १५० मिमीच्या पॅडची कड रोटरीवर १,५०० आरपीएमला मिनिटाला सुमारे ७०० मीटर धावते. ग्राइंडरवर ११,००० ला १२५ मिमीचं पॅडसुद्धा ४,३०० मीटर धावतं. हा वेग लोखंड कापण्यासाठी आहे. क्लिअर कोट वितळणं हा एक भाग, त्याआधी फोम फाटून तोंडावर उडायचा. वेग कमी करायची सोय असलेले ग्राइंडरही खाली येऊन येऊन अडीच-तीन हजारांवर थांबतात, म्हणजे रोटरीचं शेवटचं टोक यांची सुरुवात.

८. ड्रिलला लावायचं पॅड मिळतं, ते चालेल?

हेडलाइटला चालेल (प्रश्न २४), अख्ख्या गाडीला नाही. ड्रिलचं बेअरिंग सरळ दाबासाठी असतं, आडव्या दाबासाठी नाही. शिवाय पकड पॅडच्या वर नसून मागे असते, त्यामुळे पॅड सपाट ठेवणं जवळपास अशक्य. आणि फिरणं शेवटी रोटरीचंच.

९. सुतारकामाचं ऑर्बिटल सँडर आहे. तेही डीएच ना?

तत्त्व तेच, पण त्याचा थ्रो दोन-तीन मिमीचा असतो. प्रश्न ५ चा हिशेब लावलात तर एका हेलकाव्यात जेमतेम ६ ते ९ मिमी. बऱ्याच सँडरांत पॅड मोकाट फिरू नये म्हणून ब्रेकची रबरी कडी दिलेली असते. लाकडावर तो गुण आहे, इथे अडथळा. हलकं वॅक्स पसरवता येईल, चरे काढायला दिवस जाईल.

याच जातीतलं आणखी एक म्हणजे दोन्ही हातांनी धरायचं, कापडी टोपी घातलेलं २५ सेंमीचं गोल मशीन. ते फक्त वॅक्स पसरायला. त्यावर पैसे घालवू नका.

१०. किती वॉटचं घ्यावं?

हा आकडा पाहून निवड करू नका. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं, पॅडपर्यंत किती जोर पोहोचतो ते नव्हे. १५ मिमीच्या डीएसाठी ५०० वॉटही पुरतात, तर ९०० वॉटचं भिकार मशीन दाबाखाली दम सोडतं. त्यापेक्षा दाब पडल्यावर वेग कायम राखणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे का ते विचारा. दाब देताच मोटर हळू होते आणि उचलली की किंचाळते, अशा मशीनवर हात बसत नाही.

११. बॅकिंग प्लेट कुठल्या मापाची? मोठ्या मशीनवर छोटी प्लेट लावून दोन्ही कामं भागतील?

१२५ मिमी. १५० ची प्लेट सपाट पत्र्यावर भराभर उरकते पण खांबांवर, दिव्यांच्या मधल्या पट्टीवर मावत नाही. ७५ ची सगळीकडे मावते, पण तिने अख्खी गाडी करायला बसलात तर संध्याकाळ होईल. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठंच हवं, म्हणजे प्लेटची कडक कड रंगाला लागत नाही.

प्लेट बदलण्याबद्दल: रोटरीवर खुशाल बदला. डीएवर जपून. डीएच्या आत हेलकावा तोलायला एक वजन बसवलेलं असतं आणि ते ठरावीक वजनाच्या प्लेट-पॅडसाठी जुळवलेलं असतं. १२५ च्या जागी ७५ लावली की तोल बिघडतो, हात झिणझिणतात आणि बेअरिंग लवकर जातं. उत्पादकाने त्याच मशीनसाठी दोन मापं दिली असतील तरच बदला. छोट्या जागांसाठी पुढेमागे वेगळं छोटं मशीन घेणं जास्त शहाणपणाचं. तोवर त्या जागा हाताने.

१२. वायरचं की बॅटरीचं?

पहिलं मशीन वायरचं घ्या. पॉलिश हे सलग चालणारं काम आहे. ड्रिलसारखं दहा सेकंद चालवून ठेवून देत नाही. १८ व्होल्टच्या एका बॅटरीत एक-दोन पॅनेल (दार, बॉनेट असा एकेक भाग) होतात आणि मग तुम्ही चार्जरकडे बघत बसता. तीन-चार बॅटऱ्या आधीपासून त्याच जातीच्या असतील तर गोष्ट वेगळी.

वायर किमान चार मीटर असावी, नाहीतर एक्स्टेंशनचा जोड नेमका बॉनेटवर येऊन घासतो. वायर खांद्यावरून मागे टाकून काम करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ओल्या फरशीवर काम असेल तर गळतीवर वीज तोडणारा स्विच असलेल्या प्लगवरच मशीन लावा. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे.

१३. घेण्यापूर्वी हातात धरून काय बघू?

आधी ते छातीच्या उंचीवर आडवं धरा, दारावर लावल्यासारखं, आणि मनात शंभर आकडे मोजा. बॉनेटवर वजन मशीनच पेलतं, दारांवर तुम्ही पेलता, आणि गाडीला दारंच जास्त. दोन ते तीन किलोंमध्ये बहुतेक मशिनं येतात. त्यातला अर्धा किलो दुपारी जाणवतो.

मग सुरू करा. वेग झटक्याने न येता हळूहळू चढला पाहिजे. तसं नसेल तर पॅडवरचं कंपाउंड पहिल्याच क्षणी काचेवर आणि तुमच्यावर उडतं. वेगाची चकती अंगठ्याला लागते पण चुकून फिरत नाही, अशी हवी. ट्रिगर अडकवून ठेवायची सोय हवी. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून बघा, बोटं नैसर्गिकपणे बसतात का.

कंपनाचा आकडा माहितीपत्रकात असतो, तो कुणी वाचत नाही. मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात तो दिलेला असतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीने २.५ ला उपाय सुरू करायची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा धरली आहे. तुम्ही रोज आठ तास चालवणार नाही, पण दोन मशिनांत निवडताना कमी आकड्याचं घ्या. बोटं सुन्न होऊ लागली की दाबाचा अंदाजच जातो.

१४. वापरलेलं मशीन घेऊ का?

चांगल्या उत्पादकाचं वापरलेलं डीए हे निनावी नव्यापेक्षा मला जवळचं वाटतं, कारण त्याचे कार्बन ब्रश, प्लेट आणि बेअरिंग वेगळे मिळतात. मशीन बंद ठेवून प्लेट बोटाने फिरवा. ती मऊ फिरली पाहिजे, खरखर नको. वर-खाली हलवून बघा, खिळखिळ लागली तर सोडून द्या. सुरू केल्यावर झरोक्यांतून मोटरजवळ बारीक निळ्या ठिणग्या दिसणं चालतं, गोल फिरणारी ज्वाळा नाही. जळका वास आला तर किंमत विचारूच नका.

१५. पॅड कोणती आणि किती घ्यायची? रंगावरून कळतं का?

रंगावरून एकाच उत्पादकाची पॅड कळतात. एकाचं केशरी पॅड कापणारं असतं, दुसऱ्याचं केशरी मधलं. नावं वाचा.

मशीनवर खर्चाची जी रक्कम ठरवली आहे तीतून पॅडसाठी आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बघा. हे उलट वाटेल, पण काम पॅडच करतं. एकाच मशीनवर मऊ फोम लावला तर ते हळुवार शेवटचा हात फिरवतं आणि मायक्रोफायबर लावला तर खरोखर कापतं. सुरुवातीला मध्यम फोमची चार आणि मऊ फोमची दोन पॅड पुरतात. मायक्रोफायबरचं एखादं हट्टी रंगासाठी. लोकर नंतर.

एकच पॅड घेऊन पूर्ण गाडी करणारे बरेच भेटतात. पॅडमध्ये घासलेला रंग आणि जुनं कंपाउंड साठतं, ते तापतं, मधोमध वेल्क्रोचा गोंद मऊ पडतो आणि पॅड उडून जातं. दर पॅनेलनंतर नायलॉनच्या ब्रशने झटका, दोन पॅनेलनंतर पॅड बदला. मशीनवरून काढताना कडेने हळूहळू सोला, ओरबाडू नका.

१६. कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स एकच ना?

नाही. कंपाउंडमध्ये जाड कण, पॉलिशमध्ये बारीक. दोन्ही घासतात. वॅक्स घासत नाही, नुसतं वर बसतं. सुरुवातीला एकच मध्यम पॉलिश घ्या. बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं.

१७. पहिल्यांदा मशीन लावताना वेग, दाब किती?

मशीन लावायच्या आधी गाडी धुवा, क्ले बारने रंगात रुतलेली घाण काढा, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आणि बॉनेटच्या दुमडींवर टेप लावा. हे न करता मशीन लावणं म्हणजे पॅडखाली वाळू घेऊन घासणं. सावलीत, गार पत्र्यावर काम करा.

बॉनेटचा हाताच्या दोन वितींएवढा चौकोन घ्या. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब. पॅड रंगावर टेकवूनच मशीन सुरू करायचं आणि बंद झाल्यावरच उचलायचं. कमी वेगावर पसरवा, मग ६ पैकी ४–५ वर नेऊन एकदा आडव्या, एकदा उभ्या रेषा, प्रत्येक रेष आधीच्या रेषेवर निम्मी चढवून. हात सेकंदाला तीनेक सेंटीमीटरच सरकला पाहिजे. नवखा माणूस इथे खिडकी पुसल्यासारखा हात पळवतो, हीच सर्वांत मोठी चूक. मशीनच्या वजनावर थोडा हात, बस. दाब मोजायचं माप म्हणजे प्रश्न ६ मधली रेघ.

चार ते सहा फेऱ्यांनंतर पुसून टॉर्चने बघा. समाधान असेल तर पॅड-पॉलिशची तीच जोडी गाडीभर वापरा. नसेल तर आधी पॅड बदला, मग पॉलिश, आणि शेवटी मशीनला दोष द्या. चष्मा आणि मास्क घाला. सुकलेल्या पॉलिशची पूड नाकात जाते.

१८. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं का?

तुमच्या स्वतःच्या, नवीन घेतलेल्या गाडीला एका हलक्या पॉलिशसाठी नाही. जुनी, कुणी किती वेळा घासली ते ठाऊक नसलेली गाडी असेल तर मिळवा, उसनं का होईना. मात्र साधं यंत्र सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर कोट वेगळा सांगत नाही. ८० मायक्रॉनच्या खाली आकडा दिसला की मी जोरकस कंपाउंड बाजूला ठेवतो. एखाद्या दारावर अचानक २०० च्या वर गेला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. पोलादी पत्र्याच्या यंत्राने अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट मोजता येत नाही, दोन्ही मोजणारं वेगळं मिळतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही दोन्ही मुकी.

१९. काळ्या गाडीवर चरे गेले, पण उन्हात धुरकट पांढुरकं दिसतं. काय चुकलं?

डीए वापरलं असेल तर काही चुकलेलं नाही, काम अर्धं राहिलंय. कडक पॅड आणि जाड कंपाउंड मोठे चरे काढताना स्वतःची बारीक जाळी मागे सोडतात. मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेऊन, दाब निम्मा करून पुन्हा एक हात फिरवा. मऊ रंगाच्या गाड्यांवर हे जास्त होतं, आणि काळा रंग काहीही लपवत नाही.

धुरकटपणाऐवजी पॅडच्या वाटेने सरकणारे चमचमते पट्टे दिसत असतील, गाडीभोवती फिरल्यावर तेही तुमच्याबरोबर फिरत असतील, तर ती रोटरीची खूण आहे. आधी कुणीतरी रोटरी फिरवली असेल. डीएने ते जातात.

२०. पॅडवर गाडीचा लाल रंग उतरला! रंग जळाला का?

घाबरू नका, पण मशीन थांबवा. गाडी जुनी असेल आणि प्रत्येक पॅनेलवर असाच रंग उतरत असेल, तर तिच्यावर वेगळा क्लिअर कोट नाही, रंगाचाच एक थर आहे. अशा रंगावर पॅड रंगणारच. चालू ठेवा, पॅड वरचेवर बदला. पण क्लिअर कोटच्या गाडीवर एका जागी, विशेषतः कडेवर, रंग आला तर तिथला क्लिअर कोट संपला. त्यावर पॉलिशचा इलाज नाही.

२१. मॅट रंग, रॅप, पीपीएफ किंवा सिरॅमिक कोटिंगवर मशीन चालवू का?

मॅट रंगावर कधीच नाही. मॅटपणा खडबडीत पृष्ठभागातून येतो, तो घासला की कायमचा चकाकता डाग पडतो. व्हिनाइल रॅपवर नाही. पीपीएफच्या (रंग वाचवायला चिकटवलेल्या पारदर्शक) फिल्मवर बारीक चरे आधी कोमट पाण्याने किंवा उन्हाने जातात का बघा. बऱ्याच फिल्म तेवढ्याने सावरतात. सिरॅमिकवर चालवता येतं, पण कोटिंग जातं आणि नव्याने करावं लागतं. चमक मंदावली म्हणून आलात तर आधी नीट धुऊन बघा.

२२. डीए सुरक्षित, मग कडांना टेप लावायची गरजच काय?

सुरक्षित म्हणजे अभय नव्हे. कडेवर आणि दुमडीवर रंग फवारताना थर पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या रेषेवर एकवटतो. प्लेटवरची रेघ (प्रश्न ६) तिथे थबकली तरी हेलकावा चालूच असतो.

प्लॅस्टिकच्या बंपरचं दुखणं वेगळं. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं. तिथे वेग एक पायरी खाली, फेऱ्या कमी, आणि मधून मधून हाताची पाठ लावून बघा. हात ठेववत नाही इतकं तापलं तर थांबा.

२३. दार नुकतंच रंगवून आणलंय आणि त्यावर धुळीचे कण आहेत. लगेच पॉलिश करू?

ज्याने रंगवलं त्याला विचारा, कारण भट्टीत वाळवलेला रंग आणि हवेवर वाळलेला रंग यांचं वेळापत्रक वेगळं. हवेवर वाळलेला मऊ असतो, पॅडखाली ओढला जातो. वॅक्स किंवा कोटिंगची घाई तर अजिबात नको, कारण आतला द्रावक बाहेर पडायला वाट लागते.

२४. पिवळट हेडलाइटसाठी हेच मशीन चालेल?

चालेल, पण पॉलिशने फक्त वरवरचा पिवळेपणा जातो. दिव्यावरचा थर सोलवटला असेल तर आधी पाण्याबरोबर बारीक पॉलिशपेपर, मग मशीन. ७५ मिमीचं पॅड इथे सोयीचं. आणि पॉलिशनंतर अतिनील संरक्षणाचा थर द्यायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा.

२५. रोटरी मग कधी घ्यायची?

डीएने दोन-तीन गाड्या झाल्यावर, आणि तेव्हाही गरज असेल तरच. पेपर मारलेला रंग परत चकाकता करायचा असेल, किंवा फार कडक रंगाच्या गाड्या वरचेवर हाती येत असतील, तर लोकरीच्या पॅडसकट रोटरीला तोड नाही. ती शिकायची असेल तर भंगारातलं एक बॉनेट आणा. त्याच्या एका कोपऱ्यावर मुद्दाम रंग जाळून बघा, किती सेकंद लागतात ते मोजा. मग दुसऱ्या कोपऱ्यावर पॅड थोडं कलतं करून पुन्हा मोजा. दुसरा आकडा बराच लहान येईल.